पल्याडची ढोलकी

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपली तरी कुंदन थेट घरी गेला नाही. नरडाण्याच्या बाजारात घागर घ्यायला थांबला. तिथूनच सांगायला घेतो, कारण तोवर सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे एप्रिलच्या अखेरीस खानदेशात जेवढं ठीक असू शकतं तेवढं. सकाळचे आठ वाजलेले आणि कुंभारणीने आताच घागरींवर ओलं पोतं टाकलेलं. कुंदन रात्रभर पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या यंत्रापुढे उभा होता, पायांत गोळे आले होते. त्याने एक घागर उचलली आणि बोटाने ठोकून ठोकून पाहिली.

"घरमा कोन गया, भाऊ?" कुंभारणीने विचारलं. घरचं माणूस गेलेलं असलं की लोक घागर अशी ठोकून घेतात, हा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव.

"मोठा भाऊ. सात वरीस व्हयनात."

तिने पैसे घेतले आणि घागरीवर ठेवायचं लहान मडकं तसंच वर दिलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे पितरांचा सण. घागर भरायची, वर आंबा नाहीतर खरबूज ठेवायचं, उंबऱ्यावर पाण्याची धार सोडत गेलेल्यांची नावं घ्यायची आणि त्यांना जेवायला बोलवायचं. पण त्याच दिवशी आणखी एक खेळ चालायचा, तो बाहेरच्यांना खरा वाटत नाही. समोरासमोरच्या दोन गावांच्या बायका कोरड्या नदीत उतरायच्या आणि एकमेकींना पोटभर शिव्या द्यायच्या. वाळूची ढेकळं मारायच्या, चार खडेही मारायच्या. वर्षभराचं साचलेलं सगळं नदीत टाकून दिवेलागणीला हसत घरी जायच्या. अलीकडे कुंदनचं करंजवद, पलीकडे मोहखेडं, दोन्हीकडे तोच रिवाज.

सात वर्षांपूर्वी मात्र बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावांची डोकी आधीच तापलेली होती. बायकांच्या खेळात पुरुष घुसले, ढेकळांच्या जागी गोफणी आल्या. कुंदनचा भाऊ लोटन गळ्यात ढोलकी अडकवून नदीच्या मधोमध उभा राहिला आणि वाजवत सुटला. वाजत राहिलं तर लोक हसतील, हसले तर थांबतील, असा त्याचा साधा हिशेब. एक गोटा त्याच्या कानशिलात बसला. तो कुठल्या काठावरून आला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. कळलं असेल त्याने सांगितलेलं नाही.

तेव्हापासून नदी बंद. सोयरिकी तुटल्या, दूध घेणं बंद झालं, फाट्यावर एसटीला उभं राहायचे दगडसुद्धा वेगळे झाले. दोन्ही गावांची तरणी पोरं कामाला मात्र नरडाण्यात एकाच कारखान्यात. तिथे एका नळाचं पाणी प्यायचं आणि घरी यायचं ते दोन रस्त्यांनी. सगळेच या भांडणाला कंटाळले होते, पण आधी कंटाळलो म्हणेल तो हरला, अशी गत होती.

मोहखेड्याची दिपमाला त्याच कारखान्यात दुपारपाळीला. रात्री अकराला ती सुटायची तेव्हा कुंदन आत शिरायचा. एकदा फाटकाशी गाडीची वाट बघताना ती आखाजीचं गाणं गुणगुणत होती. कुंदन लग्नाच्या वरातीत पट्ट्यांचा बँजो वाजवणारा, त्याला राहवलं नाही. "ही चाल आमच्याकडे थोडी वेगळी आहे," तो म्हणाला. सात वर्षांत दोन गावांमधलं हे पहिलं सरळ वाक्य असावं.

दोघांनी मिळून एक गाणं बांधलं. या आखाजीला दोन्ही गावांच्या बायकांनी दगड न घेता काठावर यावं आणि या दोघांनी मध्ये बसून गावं, असा बेत. करंजवदचे हिलाल नाना मोहखेड्यातल्या म्हाताऱ्यांशी बोलून आले आणि काय आश्चर्य, कुणी नाही म्हटलं नाही. त्या मारामारीच्या खटल्यात कोर्टाच्या तारखांना जाऊन जाऊन त्यांचेही गुडघे गेले होते. "करा बाबा," नाना म्हणाले, "एकदाव संपू द्या."

कुंदनला तेवढंच हवं होतं. पंचविशीही गाठली नव्हती आणि तो म्हाताऱ्यासारखा थकला होता. घरात त्याच्या आईने, वच्छलाबाईने, सात वर्षं रेडिओसुद्धा लावू दिला नव्हता. बँजो पलंगाखाली गवसणीत. पूर्वी ती दोन्ही पोरांना एका दमात हाक मारायची, "लोटन-कुंदन, चाला रे जेवाले!" आता नुसतं "कुंदन" म्हणते, पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबते. त्या थांबण्यात काय असतं ते कुंदनला माहीत होतं. आईने नदीवर यावं, गाणं ऐकावं, आणि ते थांबणं एकदाचं सुटावं. मग तोही पोटभर झोपला असता.

तालीम भर दुपारी बाराला, नदीतल्या पडक्या पंपघरात. बाराच्या उन्हात नदीत जाऊ नये, ही दोन्ही गावांचं एकमत असलेली एकुलती एक गोष्ट, त्यामुळे तिथे कुणी बघायला येत नव्हतं. दोघांनी पहिल्याच दिवशी एक ठरवलं होतं. गावाचं काही काढायचं नाही. कोण काय म्हणतं, कोण कुणाचा, काही विचारायचं नाही. फक्त गाणं.

दोनतीन दिवसांतच बाहेरून ढोलकी येऊ लागली होती. वाळूच्या ढिगाआडून, हलक्या हाताची, नेमकी गाण्याच्या अंगाने जाणारी. कुंदनने ऐकलं आणि काही बोलला नाही, कारण ठरलं होतं. हात मात्र ओळखीचा वाटला. लोटनच्या उजव्या हाताचं एक बोट कडब्याच्या अडकित्त्यात अर्धं गेलं होतं, म्हणून प्रत्येक तिसऱ्या थापेला त्याची ढोलकी जरा हलकी पडायची. ही पण पडत होती. पण भांडणाआधी लोटनने मोहखेड्याच्या पोरांना शिकवलं होतं, त्यांतलाच कुणी असेल. गुरूची खोडसुद्धा शिष्य उचलतो. कुंदनला उलट बरंच वाटलं.

तर आखाजीच्या आदल्या दिवसाची ती शेवटची तालीम. घागर घरी ठेवून, दोन तास कसाबसा डोळा लावून तो नदीत उतरला. पाखरूसुद्धा नव्हतं. वाळूवरची हवा थरथरत होती, पंपघरात जुन्या ग्रीसचा आणि वटवाघळांचा वास दाटला होता. पत्रा तापून मधूनच कडकन वाजायचा. दिपमालाने सुरुवात केली,

नदी माय एक, तिले काठ दोन लेकरे,
एकले कडेवर लिधं, दुसरं का रडे रे...

कुंदनचं बोट दुसऱ्या ओळीच्या उतारावर नेहमीसारखं एक पट्टी आधीच पडलं आणि दिपमाला नेहमीसारखी गाता गाता हसली. महिनाभर रोज तीच चूक. बाहेर ढोलकी चालली होती.

गाणं संपल्यावर कुंदन म्हणाला, "उद्या तरी त्याला समोर बसू दे. महिनाभर आडून वाजवतो, लाजतो का?"

दिपमाला बाटलीने पाणी पीत होती. "कोण?"

"तुमचा ढोलकीवाला."

बाटली तोंडाजवळच राहिली. "आमचा...?" तिचा आवाज एकदम खाली आला. "कुंदनभाऊ, आमच्या गावात ढोलकी नाही. त्या आखाजीपासून कुणी हात लावलेला नाही. मी समजत होते तुमच्याकडचा आहे. भीतीने पुढे येत नसेल... म्हणून विचारलं नाही."

दोघं बाहेर कान देऊन बसले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की गाणं थांबलं तरी ढोलकी थांबलेली नाही. बारीक ठेका धरून ती चाललीच होती. गवय्याने श्वास घेतला की वादक धरतो ना, तसा. पुढची ओळ उचला म्हणून वाट बघणारा.

कुंदन उठला. बाहेर ढिगापर्यंत गेला. ढिगाआड कुणी नव्हतं. वाळूत एक खळगा होता, मांडी घालून बसणाऱ्या माणसाएवढा. त्याने हात लावला. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं आणि त्या खळग्यातली वाळू थंड होती, ओली होती. ढोलकीच्या कातड्याला आतून लावतात त्या मसाल्याचा तेलकट वास त्या वाळूला येत होता. लोटनच्या अंथरुणाला यायचा तसा.

आता आवाज मोहखेड्याच्या बाजूने येत होता. कुंदन तिकडे चालू लागला तसा तो करंजवदच्या बाजूला गेला. परत फिरला तर पुन्हा पलीकडे. कुठल्याच काठाला लागत नव्हता.

"लोटनभाऊ...?" कुंदन पुटपुटला.

ठेका एक थाप चुकला. मग पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी इतका दमलेला वाटला की कुंदनला भीती वाटायच्या आधी रडूच आलं.

पंपघराच्या सावलीत दिपमाला भिंतीला टेकून बसली होती. ठरवलेलं तिनेच मोडलं. "माझी आजी आहे ना, ताईबाई... ती सात वर्षं आखाजीला आमच्या मागच्या दारी एक जास्तीची धार सोडते. तुमच्या भावाच्या नावाची. घरात कुणाला सांगत नाही. मी लहानपणी ऐकलं होतं." मग ती म्हणाली, "तो गोटा आमच्या घराकडून गेला असेल, असं तिला वाटतं."

आणि अलीकडे, त्याच दिवशी, त्याच वेळी, सात वर्षं उंबऱ्यावर धार सोडून कुंदन हाक मारत होता, "लोटनभाऊ, जेवायला ये." आई आतल्या खोलीत तोंड फिरवून बसलेली. तिच्याने ते नाव घेववत नसे.

संध्याकाळी कुंदनने हिलाल नानांना सगळं सांगितलं. नाना हसले नाहीत. तंबाखू मळायला घेतली.

"दोन घरथून एकच येळले बोलावनं येस," ते म्हणाले, "मंग पाव्हना काय करी? निंघस आठे येवाले, आर्धी वाटमा उना का तठेनी हाक येस. सात वरीस नदीमाच फिरी राहिना पोऱ्या. उपाशी." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही. "तुनी माय नि ताईबाई, दोन्हीस्नी एक जागे उभं ऱ्हावो. एकदाव बोलाडो, खावाले घालो, नि सांगो, आते जाय बाबा."

घरी आईला हे कसं सांगावं याची कुंदनला धास्ती होती. वच्छलाबाईने चुलीपुढे बसून सगळं ऐकलं. रडली नाही, घाबरलीही नाही. म्हणाली, "उपाशी शे का तो?" आणि सांजोऱ्यांची परात पुढे ओढून दुप्पट रवा भाजायला घेतला.

आखाजीला बाराच्या सुमारास, पितरांच्या जेवणवेळेला, दोन्ही काठ बायकांनी भरले. हातात दगड नव्हते. सात वर्षांनी एकमेकींकडे बघताना, मधल्या काळात कोण किती पिकली तेच त्या बहुतेक बघत होत्या. पुरुष मागे झाडाखाली उकिडवे बसले. पलीकडून ताईबाई काठी टेकत आली, अलीकडून वच्छलाबाई डोक्यावर घागर घेऊन. नदीच्या मधोमध, लोटन पडला होता त्या जागी, दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.  मग ताईबाईने हात पुढे केला आणि घागरीला खालून आधार दिला.

धार वाळूवर पडली. वाळू पाणी पीत होती, आवाजसुद्धा येत होता. हिलाल नानांनी खूण केली. आता नाव घ्यायचं.

वच्छलाबाईचे ओठ हलले. सात वर्षं गिळलेलं नाव वर यायला वेळ लागला. आणि आलं ते जसं आत पडून होतं तसंच आलं, एका दमात, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं.

"लोटन-कुंदन, चाला रे जेवाले!"

हिलाल नानांचा हात वरच राहिला. काठावरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. पितरांच्या पाण्यावर जित्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. वच्छलाबाईला मात्र काही कळलं नव्हतं. ती वाळूत बसून ढसाढसा रडत होती आणि ताईबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. अशा वेळी आईला कोण काय बोलणार? नाना पुटपुटले, "घ्या रे गानं, घ्या लवकर," आणि दिपमालाने आवाज लावला.

कुंदनने बँजो वाजवला. महिन्याभरात पहिल्यांदाच उतारावर त्याचं बोट चुकलं नाही. ढोलकी आली नाही. तो कान देऊन बसला होता, पण वाऱ्याशिवाय काही नव्हतं. गेला, त्याला वाटलं. जेवला आणि गेला. गाणं संपलं तेव्हा दोन्हीकडच्या बायका नदीत उतरल्या होत्या. कुणीतरी जुनी शिवी हासडली, कुणीतरी तिला त्याहून सरस परत दिली आणि सगळ्या हसल्या. सांजोऱ्या वाटल्या गेल्या. त्या दिवसापुरतं तरी सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं.

कुंदनचं उतरलं नाही, एवढंच. त्यानंतर त्याला झोप येऊ लागली, भरपूर, पण झोपून उठला की तो आणखी थकलेला असे. बोटं दुखत. फाटकाशी दिपमाला एकदा म्हणाली, "अंगात काही उरलेलं दिसत नाही तुमच्या. रजा टाका." दुसऱ्या वेळी ती त्याला बघून ओळख न पटल्यासारखी क्षणभर थांबली. मग हसली, पण उगीच.

आई मात्र सुधारली होती. घरात वावरताना तीच चाल गुणगुणायची. आखाजीला पंधरा दिवस झाले असतील. कुंदन दुपारी पलंगावर पडला होता, जागाच होता. बाराचा सुमार. गल्ली सामसूम, पंख्याला वीज नाही, आत कढीची फोडणी पडल्याचा वास. आणि नदीकडून ढोलकी आली.

तिसऱ्या थापेला हलकी पडणारी. पण दमलेली नाही, चांगली रंगात आलेली. तिच्यासोबत बँजो होता.

कुंदनने पलंगाखाली हात घातला. त्याचा बँजो गवसणीत होता, बंद बांधलेले. बाहेर ते गाणं दुसऱ्या ओळीवर आलं आणि उतारावर एक पट्टी आधी पडली. ती चूक जगात एकाच माणसाच्या बोटाची होती. त्याने आपली बोटं डोळ्यांपुढे धरली. टोकांवर पट्ट्यांचे लाल वळ होते, ताजे. पंधरा दिवसांत त्याने बँजोला हात लावला नव्हता.

"माय..." तो म्हणाला. आवाज घशाबाहेर पडला की नाही, कळेना.

वच्छलाबाई आतून आली. दोन ताटं मांडली, दोन तांबे भरून ठेवले. पलंगाच्या अगदी जवळून गेली, पदर त्याच्या पायाला लागला, पण तिने खाली पाहिलं नाही. दारात उभी राहिली, नदीकडे तोंड करून, कपाळावर हात धरून. चेहरा असा निवलेला की कुंदनने सात वर्षांत पाहिला नव्हता.

"लोटन-कुंदन," तिने हाक मारली, "चाला रे जेवाले!"

नदीतलं वाजणं ओळीच्या मधेच थांबलं.

"माय, मी आठेच शे... आठे देख," कुंदन म्हणाला. उठायला गेला तर अंगात तेवढी ताकद नव्हती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी चपला वाजल्या. दोघांच्या. आणि कुणीतरी, ढांगा टाकत घरी येणाऱ्या पोरासारखं, लांबूनच ओ दिली.

"उनू व, माय!"

आवाज कुंदनचाच होता. फक्त थकलेला नव्हता.